धीर म्हणजे सोबत न सोडणं



संयोजकांनी आम्हाला आजचा विषय दिला तो असा: 'संकटात ख्रिस्ती श्रद्धेनं आणि प्रीतीनं टिकून राहणं'. विषय चांगला आहे, पण धोक्याचाही आहे. धोक्याचा अशासाठी, की यावर बोलताना गोड बोलण्याचा मोह होतो. देव पाठीशी आहे, सगळं ठीक होईल, असं म्हणायचं आणि मोकळं व्हायचं. पण समोर सांगलीची माणसं बसली आहेत. २००५ चा पूर पाहिलेली आणि २०१९ च्या ऑगस्टमध्ये आयर्विन पुलापाशी पाणी ५७ फुटांच्या वर गेलेलं पाहिलेली. याच जिल्ह्यात जत-आटपाडीकडं आणि आमच्या सातारा जिल्ह्यात माण-खटावकडं टँकरची वाट बघत उन्हाळे काढलेली माणसंही इथं असतील. अशा माणसांना 'सगळं ठीक होईल' असं सांगायला फार धाडस लागतं. ते आमच्याकडं नाही.

तेव्हा आज आपण असं करू. आधी 'टिकून राहणं' म्हणजे नेमकं काय, त्या शब्दाचा अर्थ पाहू. मग याच मातीतली दोन उदाहरणं घेऊ, एक मिरजेचं आणि एक साताऱ्याचं. आणि शेवटी या विचारावर जे खरे आक्षेप आहेत, त्यांना सामोरं जाऊ. आम्ही ख्रिस्ती आहोत, पण आयुष्यभर तत्त्वज्ञान शिकवलं, त्यामुळं आक्षेप घेतल्याशिवाय आम्हाला चैन पडत नाही.

आता शब्दाकडं येऊ. मराठी पवित्र शास्त्रात 'धीर' आणि 'सहनशीलता' हे शब्द वारंवार येतात. नवा करार मूळ ग्रीक भाषेत लिहिला गेला. तिथं अनेक ठिकाणी यासाठी 'हुपोमोने' असा शब्द आहे. त्याची फोड सोपी आहे. 'हुपो' म्हणजे खाली आणि 'मेनो' म्हणजे राहणं. खाली राहणं. ओझं अंगावर आहे, आणि माणूस त्या ओझ्याखालून पळ न काढता उभा आहे, असं ते चित्र. हमाल जसा पोतं पाठीवर घेऊन उभा असतो, तसं. त्याला ओझं आवडतं असं नाही. ओझं हलकं आहे असंही तो म्हणत नाही. पण तो उभा आहे.

संत पौल रोमकरांस लिहिलेल्या पत्राच्या पाचव्या अध्यायात एक साखळी मांडतो. संकटातून धीर तयार होतो, धिरातून माणसाचं शील कसाला लागतं आणि त्यातून आशा जन्माला येते, असा त्याचा क्रम आहे. लक्षात घ्या, आशा इथं शेवटी येते. आपण नेहमी उलटं समजतो. आधी आशा असेल तर माणूस टिकेल, असं आपल्याला वाटतं. पौल म्हणतो, आधी टीक, आशा त्यातूनच येईल. आणि ती फसवत नाही, कारण तिच्या मुळाशी देवाची प्रीती आहे. म्हणजे धीर आणि प्रीती यांची गाठ तिथंच मारलेली आहे. आजच्या व्याख्यानात आम्हाला सांगायचं आहे ते एवढंच: प्रीतीवाचून नुसता धीर हा ख्रिस्ती धीर नव्हे.

कुणी विचारेल, धीराची शिकवण काय फक्त ख्रिस्ती धर्मातच आहे? मुळीच नाही. आपल्याकडं वेदान्तात साधकाची जी षट्संपत्ती सांगितली आहे, शम, दम, उपरति, तितिक्षा, श्रद्धा आणि समाधान, तिच्यात तितिक्षा आहेच. थंडी-ऊन, मान-अपमान, सुख-दुःख यांचा मनावर परिणाम होऊ न देता, तक्रार न करता सोसणं म्हणजे तितिक्षा. ग्रीस-रोममधल्या स्टोइक तत्त्वज्ञांचीही शिकवण याच्या जवळची होती. एपिक्टेटस हा गुलाम होता, मार्कस ऑरेलियस सम्राट होता. दोघांचं सांगणं साधारण एकच. जे आपल्या हातात नाही त्यानं मन डळमळू देऊ नये.

या दोन्ही शिकवणींबद्दल आम्हाला आदर आहे. त्या कठीण आहेत आणि खऱ्याही आहेत. पण फरक नीट बघा. तितिक्षेत आणि स्टोइक धिरात माणूस मुख्यतः आपल्या मनाकडं पाहतो. माझी शांती ढळू नये, ही तिथली काळजी. ख्रिस्ती धिरात माणूस शेजाऱ्याकडं पाहतो. माझं मन ढळलं तरी चालेल, डोळ्यांत पाणी आलं तरी चालेल, पण ज्याच्याबरोबर मी उभा आहे त्याला मी सोडणार नाही, ही तिथली काळजी. लाजरसाच्या कबरेपाशी येशू रडला, असं योहानाच्या शुभवर्तमानात आहे. स्टोइक माणूस तिथं रडला नसता. येशू रडला, आणि तिथून निघूनही गेला नाही.

म्हणून आम्ही धिराची व्याख्या अशी करतो. धीर म्हणजे सोबत न सोडणं. कुणाची? देवाची आणि माणसाची, दोघांची. आता ही व्याख्या प्रत्यक्षात कशी दिसते ते पाहू.

पहिलं उदाहरण मिरजेचं. १८८९ साली अमेरिकन प्रेस्बिटेरियन मिशनतर्फे चोवीस वर्षांचा एक डॉक्टर इकडं आला. जन्म कॅनडातला, नाव विल्यम वॉनलेस. सुरुवात त्यानं सांगलीत केली आणि नंतर मिरजेत बस्तान बसवलं. मिरज संस्थानच्या अधिपतींनी जागा दिली, अमेरिकेतल्या एका दात्यानं इमारतीला पैसे दिले आणि १८९४ मध्ये रुग्णालय उभं राहिलं. पुढं तिथं वैद्यकीय शिक्षणही सुरू झालं. १९२८ मध्ये वॉनलेस निवृत्त झाले. म्हणजे जवळजवळ चाळीस वर्षं.

यात मिशनचा हेतू धर्मप्रसाराचाही होता, हे लपवायचं काही कारण नाही. पण आम्हाला दुसऱ्या एका गोष्टीकडं तुमचं लक्ष वेधायचं आहे. मोतीबिंदू काढला, मुतखडा काढला, माणूस चालत घरी गेला, असं काम करणाऱ्या डॉक्टरला उत्साह वाटणं साहजिक आहे. काम केलं की फळ दिसतं. पण मिरजेत याच मंडळींनी कुष्ठरोग्यांसाठीही रुग्णालय काढलं. आजही ते रिचर्डसन यांच्या नावानं ओळखलं जातं. आणि क्षयरोग्यांसाठी आरोग्यधाम उभारलं. सांगलीहून मिरजेला जाताना वाटेत वॉनलेसवाडी लागते. रोज हजारो माणसं तिथून जातात. पण त्या नावामागं क्षयरोग्यांचं आरोग्यधाम आहे, हे किती जणांना आठवत असेल?

आता तारखा बघा. कुष्ठरोगावर खऱ्या अर्थानं गुण देणारं औषध वापरात आलं ते १९४० च्या दशकात. आज जो बहुविध औषधोपचार आपण वापरतो, त्याची शिफारस जागतिक आरोग्य संघटनेनं १९८० च्या दशकात केली. क्षयावरचं स्ट्रेप्टोमायसिन सापडलं १९४३ मध्ये. आणि मिरजेचं हे काम सुरू झालं त्याच्या कितीतरी आधी, विसाव्या शतकाच्या पहिल्या वीस वर्षांत. म्हणजे या दोन रोगांच्या बाबतीत तिथल्या डॉक्टरांना आणि परिचारिकांना पक्कं ठाऊक होतं, की आपण यातल्या बहुतेकांना बरं करू शकत नाही. क्षयाच्या रोग्याला मोकळी हवा, विश्रांती आणि सकस अन्न द्यायचं. कुष्ठरोग्याच्या जखमा धुवायच्या, बांधायच्या आणि उद्या पुन्हा धुवायच्या.

मग प्रश्न असा, की बरं करता येत नसेल तर दवाखाना कशाला काढायचा?

या प्रश्नाचं उत्तर म्हणजेच ख्रिस्ती प्रीती. नव्या करारात प्रीतीसाठी 'अगापे' असा शब्द आहे. ग्रीकमध्ये प्रेमाचे आणखीही शब्द आहेत. 'एरोस' म्हणजे ओढ, आकर्षण. 'फिलिया' म्हणजे मैत्री, सख्य. या दोन्हींत समोरच्याकडून काहीतरी परत मिळत असतं. अगापे मात्र समोरच्याच्या लायकीवर उभी नसते आणि फळावरही उभी नसते. ज्या रोग्याला घरच्यांनी गावाबाहेर काढलं, ज्याला कुणी शिवत नाही, त्याची जखम धुणारा हात त्याला रोगमुक्त करत नव्हता. पण 'तू अजून माणसांत आहेस' एवढं तो हात त्याला सांगत होता. आमच्या मते हा उपचारच होता. औषध येईपर्यंतची ती वर्षं कुणीतरी त्यांच्या सोबत काढली. औषध आलं तेव्हा ते द्यायला जागा होती, माणसं होती आणि विश्वासही होता. आशा शेवटी येते असं पौल म्हणतो, ते असं.

आता साताऱ्याकडं येऊ. कृष्णेच्या काठानं उलटं वर गेलं की आमचं गाव लागतं. साताऱ्याची गोष्ट मिरजेइतकी यशाची नाही, म्हणूनच आम्हाला ती जास्त जवळची वाटते.

रेव्हरंड नारायण वामन टिळक हे नाव कवी म्हणून तुम्हा सगळ्यांना ठाऊक आहे. मराठी चर्चमध्ये आजही त्यांची भजनं टाळ-पेटीवर म्हटली जातात. १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत त्यांनी बाप्तिस्मा घेतला. पुढं बरीच वर्षं अहमदनगर भागात मिशनचं काम केलं. आणि १९१७ साली, वयाची पंचावन्न वर्षं उलटून गेल्यावर, त्यांनी मिशनचा पगार सोडला आणि साताऱ्यात येऊन 'देवाचा दरबार' सुरू केला. कल्पना अशी, की बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले, ख्रिस्ताला मानणारे सगळे एका ठिकाणी बसतील. जात नाही, पंथ नाही, पगारी उपदेशक नाही आणि परदेशी पैशाची ओशाळगत नाही.

पुढं काय झालं? ९ मे १९१९ रोजी मुंबईत टिळक वारले. म्हणजे दरबाराला त्यांची जेमतेम दोन वर्षं मिळाली. त्यांच्यामागं तो त्या रूपात टिकला नाही. हिशेब मांडला तर प्रयोग फसला असंच म्हणावं लागेल.

पण इथं थांबू नका. या गोष्टीचा दुसरा भाग लक्ष्मीबाईंचा आहे आणि धीर शिकायचा तर तो त्यांच्याकडून.

टिळकांनी बाप्तिस्मा घेतला तेव्हा लक्ष्मीबाईंचं वय सव्वीस-सत्तावीस. पदरात लहान दत्तू. नवऱ्यानं धर्म बदलला, आणि बातमी कानावर आली तेव्हा त्यांच्यावर जणू आभाळ कोसळलं. त्या काळच्या ब्राह्मण घरात याचा अर्थ काय होता, ते आज नुसतं समजून घ्यायचं म्हटलं तरी अवघड जातं. नवरा जिवंत आहे, पण त्याच्या हातचं पाणी चालत नाही. काही वर्षं त्या नातेवाइकांकडं राहिल्या. आम्ही ख्रिस्ती माणसं टिळकांच्या धर्मांतराची गोष्ट मोठ्या अभिमानानं सांगतो. सांगावीच. पण टिळकांच्या श्रद्धेची किंमत पहिल्यांदा लक्ष्मीबाईंनी भरली, आणि ती त्यांना न विचारता त्यांच्यावर पडली होती, हेही त्याच वेळी सांगावं. ते गाळून 'श्रद्धेचा विजय' सांगणं अप्रामाणिकपणाचं आहे.

नंतर त्या नवऱ्याकडं परत आल्या, पण आपला धर्म न सोडता. स्वयंपाक वेगळा, सोवळं-ओवळं वेगळं. टिळकांनी त्यांच्यावर जबरदस्ती केली नाही. एकाच संसारात दोन चुली, आणि तरी संसार एक. आम्हाला वाटतं, या घरातली खरी उपासना हीच होती. मतभेद मिटलेला नाही, पुढं मिटेल याची खात्री नाही, आणि दोघांपैकी कुणी उठून जात नाही. पुढं माणसामाणसांतला हा भेद देवानं केला की माणसानं, असा प्रश्न लक्ष्मीबाईंनी स्वतःलाच विचारला. उत्तर सापडल्यावर त्यांनी सोवळं सोडलं आणि १९०० मध्ये बाप्तिस्मा घेतला. कुणी ढकललं म्हणून नव्हे, स्वतःच्या विचारानं. त्याच काळात नगर भागात प्लेग आला. जिथून लोक गावं सोडून पळत होते, तिथं या बाईंनी प्लेगच्या रोग्यांची शुश्रूषा केली.

टिळक गेल्यानंतर त्या जवळजवळ सतरा वर्षं जगल्या. टिळकांनी सुरू करून ठेवलेलं 'ख्रिस्तायन' हे महाकाव्य त्यांनी पुढं नेलं. त्याचा बहुतेक भाग त्यांचाच आहे. लग्नानंतर अक्षरओळख झालेली ही बाई. आणि १९३४ पासून त्यांचं 'स्मृतिचित्रे' भागाभागानं प्रसिद्ध होऊ लागलं. ते ज्यांनी वाचलं नसेल त्यांनी जरूर वाचावं. एवढं सोसलेल्या बाईचं पुस्तक, पण त्यात रडगाणं नाही. पानोपानी हसू आहे. पैशाच्या बाबतीत टिळक किती अव्यवहारी होते हे त्या सांगतात, तेव्हा आपण पोट धरून हसतो. आणि हसता हसता लक्षात येतं, की ज्याच्यामुळं इतकं सोसलं त्या माणसाबद्दल या बाईच्या मनात कडवटपणा उरलेला नाही. संकटातून जिवंत बाहेर पडणारे पुष्कळ असतात. कडू न होता बाहेर पडणारे थोडे. प्रीतीनं टिकणं म्हणतात ते हे.

आता आक्षेप. पहिला आक्षेप आमच्या विद्यार्थिनी घ्यायच्या, आणि तो बिनतोड आहे. 'सर, सोसा, सोसा हे बायकांना आणि गरिबांनाच का सांगतात?' जर्मन तत्त्ववेत्ता नीत्शे यानंही ख्रिस्ती नीतीवर असाच वार केला होता. ही दुबळ्यांची नीती आहे, लढता येत नाही म्हणून सोसण्यालाच हे लोक सद्गुण म्हणतात, असा त्याचा रोख होता.

याचं उत्तर शास्त्रातच शोधू. योहानाच्या शुभवर्तमानाच्या अठराव्या अध्यायात येशूला प्रमुख याजकासमोर उभं केलं आहे. एक शिपाई त्याच्या तोंडात मारतो. येशू मान खाली घालून गप्प बसत नाही. मी चुकीचं बोललो असेन तर दाखव, नसेन तर मला का मारतोस, असा सरळ जाब तो विचारतो. प्रेषितांच्या कृत्यांत, बाविसाव्या अध्यायात, पौलाला फटके मारायला बांधतात, तेव्हा तो आपलं रोमी नागरिकत्व पुढं करतो. रोमी नागरिकाला चौकशीशिवाय फटके मारणं कायद्यात बसतं का, असं विचारतो. आजच्या भाषेत सांगायचं तर पौलानं कायद्याचा आधार घेतला.

तेव्हा नीट समजून घ्या. नवरा मारतो आणि पाळक किंवा शेजारीपाजारी सांगतात, 'बाई, धीर धर, प्रार्थना कर', तर तो ख्रिस्ती धीर नाही. ती मारणाऱ्याला दिलेली सवलत आहे. तिथं त्या बाईची सोबत करायची म्हणजे तिच्याबरोबर पोलीस ठाण्यात जायचं, तिला राहायला जागा द्यायची. दुष्काळ, महापूर, असाध्य दुखणं, जिवलगाचा मृत्यू, ही ओझी सोसावी लागतात. अन्यायाला मात्र जाब विचारायचा असतो. पण जाब विचारायलाही धीर लागतोच, कारण न्याय उशिरा मिळतो.

दुसरा आक्षेप. देव प्रेमळ आहे तर भल्या माणसावर संकट का? इथं आम्हाला ईयोबाचं पुस्तक आठवतं. ईयोब सरळ माणूस. त्याची मुलं गेली, गुरंढोरं गेली, अंगभर फोड आले. तीन मित्र भेटायला आले. सात दिवस आणि सात रात्री ते त्याच्याजवळ जमिनीवर बसून राहिले, एक शब्दही न बोलता. सगळ्या पुस्तकात त्या मित्रांनी केलेलं चांगलं काम म्हणजे एवढंच. मग त्यांनी तोंड उघडलं आणि समजावायला लागले. तू काहीतरी पाप केलं असशील, त्याशिवाय असं होत नाही. आपल्याकडं 'कुठल्या जन्माचं भोगतोय कोण जाणे' म्हणतात, त्यातलाच प्रकार. शेवटी देव रागावतो तो या मित्रांवर. तक्रार करणाऱ्या, भांडणाऱ्या ईयोबावर नाही.

आमची स्वतःची एक चूक सांगतो आणि थांबतो. आमच्या एका जुन्या विद्यार्थ्याची पत्नी गेली. तरणीताठी बाई. आम्ही भेटायला गेलो आणि प्राध्यापकी खोड कुठली जायला, बोलायला लागलो. दुःखाचा प्रश्न, देवाची इच्छा, दोन-चार तत्त्ववेत्त्यांची नावं. तो ऐकून घेत होता. थोड्या वेळानं उठला आणि म्हणाला, 'सर, चहा ठेवतो.' आत गेला. बराच वेळ आला नाही. आम्ही आत डोकावलो, तर चहा उतू जात होता आणि तो चहाच्या डब्याकडं पाहत उभा होता. डब्यावर त्याच्या बायकोच्या हातची चिठ्ठी चिकटवलेली होती. आम्ही गॅस बंद केला आणि त्याच्या शेजारी नुसते उभे राहिलो. दहा मिनिटं असतील. पुढं कधीतरी तो म्हणाला, 'सर, त्या दिवशी तुम्ही काय बोललात ते काहीच आठवत नाही. पण तुम्ही गॅस बंद केलात.'

आयुष्यभर ईयोबाचं पुस्तक शिकवून जे आम्हाला कळलं नव्हतं, ते त्या दहा मिनिटांत कळलं. संकटात सापडलेल्याला उत्तर द्यायची घाई करू नये. वधस्तंभावरच्या येशूलाही देवानं उत्तर दिलेलं दिसत नाही. त्या अंधारात काही बाया आणि एक शिष्य तिथं उभे होते, एवढं योहान सांगतो. त्यांच्या हातात करण्यासारखं काही नव्हतं. ते उभे होते.

म्हणून, मंडळी, आज घरी जाताना एकच करा. तुमच्या ओळखीत कुणीतरी असेल, ज्याच्या दुःखाला आता बरेच दिवस झाले. सुरुवातीला सगळे गेले, आता कुणी जात नाही. पूर ओसरला की मदतीच्या गाड्याही ओसरतात, हे सांगलीकरांना सांगायला नको. त्या माणसाकडं जा. उपदेश नको, शास्त्रवचन पाठ म्हणून दाखवायला नको. दार वाजवा आणि बसा. आणि तुम्ही स्वतःच तो माणूस असाल, तर कुणी आलं की दार उघडा. धीर दोन्हीकडून धरायचा असतो.